ग्रीन कार्ड : नाते की कौशल्य?

अमेरिकेतील कायम वास्तव्याचा परवाना देताना नातलगांना प्राधान्य द्यावे की कुशल कामगारांना, हा तेथील स्थलांतर-धोरणातील जुना वाद. १९६५ च्या हार्ट-सेलर कायद्याने वंशभेदी देशवार कोटा मोडून नातेसंबंधांना झुकते माप दिले. १९९० मध्ये नोकरीवर आधारित परवान्यांची वार्षिक मर्यादा सुमारे १,४०,००० झाली. तीत अर्जदाराची पत्नी व मुलेही मोजली जातात, म्हणून कौशल्य विरुद्ध कुटुंब ही मांडणी मुळातच अपुरी आहे. कॅनडासारखी गुणांकन पद्धत आणून भावंडांचा प्रवर्ग रद्द करू पाहणारे २०१७ चे ‘रेझ’ विधेयक संमत झाले नाही. एका देशाला साधारण ७ टक्क्यांचीच मर्यादा भारतीयांना विशेष जाचते : पुण्याहून गेलेला अभियंता वर्षानुवर्षे रांगेत राहतो आणि लहानपणी सोबत नेलेली त्याची मुलगी २१ व्या वर्षी आश्रिताचा दर्जा गमावू शकते.