शेवटून पहिला : सायकल शर्यतींतील अखेरच्या क्रमांकाचा इतिहास

मुंबई-पुणे सायकल शर्यत महाराष्ट्रात अनेकांना ठाऊक आहे. बोरघाट सर्वांत आधी चढून जाणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, तेही ठाऊक असते. पण त्याच घाटातून सर्वांत शेवटी वर आलेला कोण, हे कोणी विचारत नाही. शर्यतीचा इतिहास म्हणजे विजेत्यांची यादी, असे आपण गृहीत धरलेले असते.

युरोपातील मोठ्या टप्प्यांच्या शर्यतींमध्ये मात्र एक चमत्कारिक परंपरा तयार झाली. तिथे अखेरच्या क्रमांकाला नाव मिळाले, काही वर्षे स्वतंत्र जर्सी मिळाली, पैसा मिळाला, आणि तो क्रमांक मिळवण्यासाठी चुरसही झाली. या टिपणात आपण ती चुरस का निर्माण झाली, कशी चालली आणि कोणी थांबवायचा प्रयत्न केला, हे पाहू. विषय गमतीचा वाटेल. पण नियम, बक्षीस आणि नोंद या तीन गोष्टी माणसाचे वागणे कसे घडवतात, हे त्यातून स्पष्ट दिसते.

१. टप्प्यांची शर्यत म्हणजे काय?

एका दिवसाच्या शर्यतीत जो आधी पोहोचतो तो जिंकतो. टप्प्यांच्या शर्यतीत रोज एक टप्पा असतो आणि प्रत्येकाच्या सर्व टप्प्यांच्या वेळांची बेरीज होते. ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो विजेता. ज्याची सर्वांत जास्त, तो शेवटचा. मात्र शेवटचा ठरण्यासाठीही एक अट आहे : शर्यत पूर्ण केलेली असली पाहिजे. मधेच सोडणाऱ्याला क्रमांकच नसतो.

'तूर द फ्रान्स'ची पहिली शर्यत १९०३ मध्ये झाली. ६ टप्पे होते आणि एकूण अंतर २,४०० किलोमीटरांहून थोडे अधिक. ६० जण निघाले, २१ जण पोहोचले. विजेता मॉरिस गारँ याला ९४ तास ३३ मिनिटे लागली. एकविसावा आर्सेन मिलोशो त्याच्या ६४ तास ५७ मिनिटे मागे होता, म्हणजे जवळजवळ पावणेतीन दिवस. तरी त्याच्या मागे ३९ जण होते, जे पोहोचलेच नाहीत. 'शेवटचा' या शब्दाचा अर्थ इथेच बदलू लागतो. मिलोशो हरलेल्यांत शेवटचा नव्हे, टिकलेल्यांत शेवटचा होता.

फ्रेंच लोकांनी या क्रमांकाला 'लँटर्न रूज', म्हणजे 'लाल कंदील' म्हटले. आगगाडीच्या शेवटच्या डब्यामागे लाल दिवा लावतात, त्यावरून हे नाव आले. रेल्वेत त्या दिव्याचा अर्थ नेमका असतो. तो दिसला की स्टेशनवरच्या माणसाला कळते, गाडी पूर्ण आली, मागे डबा सुटलेला नाही. शर्यतीतला शेवटचा स्वारही तेच सांगतो : आता मागे कोणी उरलेले नाही.

२. इटलीतील काळी जर्सी, १९४६ ते १९५१

अखेरच्या क्रमांकाची खरी चुरस 'जिरो दितालिया' या इटलीच्या शर्यतीत दिसली. दुसऱ्या महायुद्धानंतरची पहिली जिरो १९४६ च्या उन्हाळ्यात झाली. त्याच जूनमध्ये इटलीने सार्वमत घेऊन राजेशाही संपवली होती. रस्ते आणि पूल उद्ध्वस्त होते, कामधंदा नव्हता. त्या वर्षी जिनो बार्तालीने फाउस्तो कोप्पीला अवघ्या ४७ सेकंदांनी हरवले. या दोघांच्या स्पर्धेने इटलीतील वृत्तपत्रांची पाने भरून जात.

त्याच वर्षापासून आयोजकांनी शेवटच्या स्वाराला काळी जर्सी, 'मालिया नेरा', द्यायला सुरुवात केली. विजेत्याची जर्सी गुलाबी, शेवटच्याची काळी. काळ्या जर्सीबरोबर बक्षिसाची रक्कम होती. शिवाय रस्त्यावरचे लोक कौतुकाने खाण्यापिण्याच्या वस्तू आणि भेटी देत. ज्याला कोप्पी किंवा बार्ताली कधीच होता येणार नव्हते, अशा सामान्य सायकलपटूसाठी शेवटून पहिला येणे हा साधा हिशेब होता. विसाव्या किंवा तिसाव्या क्रमांकाला कोणी काही देत नव्हते.

हा हिशेब सर्वांत आधी ओळखला लुइजी मालाब्रोकाने. तो तोर्तोना गावचा, कोप्पीचा मित्र. १९४६ मध्ये तो विजेत्याच्या चार तासांहून अधिक मागे राहून शेवटचा आला, आणि १९४७ मध्ये जवळजवळ सहा तास मागे राहून पुन्हा शेवटचा आला. तो दुबळा सायकलपटू होता, असे मात्र समजू नका. सायक्लोक्रॉस या चिखलमातीतल्या शर्यतीचे इटलीचे राष्ट्रीय विजेतेपद त्याने १९५१ आणि १९५३ मध्ये मिळवले. मागे राहणे हा त्याचा निर्णय होता. वेळ घालवण्यासाठी तो वाटेतल्या खानावळीत बसे, गोठ्यात किंवा झुडपांत लपे, अशा गोष्टी आजही सांगितल्या जातात.

१९४९ मध्ये त्याला प्रतिस्पर्धी भेटला. सान्ते कारोल्लो हा गवंडीकाम करणारा माणूस. संघातला एक नामांकित स्वार येऊ न शकल्याने ऐनवेळी त्याला घेतले होते. कारोल्लोला मागे राहण्यासाठी लपावे लागत नव्हते, सुरुवातीला तो खरोखरच मागे पडला होता. मग दोघांत शेवटच्या जागेसाठी लढत सुरू झाली. एक थांबला की दुसरा थांबे.

निर्णय अखेरच्या टप्प्यावर झाला. मालाब्रोकाला बराच मोठा फरक भरून काढायचा होता, म्हणजे तेवढा वेळ वाया घालवायचा होता. सांगतात की तो वाटेत निवांत थांबला, एका शेतकऱ्याच्या घरी बसला आणि खूप उशिरा अंतिम रेषेवर पोहोचला. पण तोपर्यंत वेळनोंद करणारे कंटाळून निघून गेले होते! त्यांनी त्याला मुख्य घोळक्याचीच वेळ लावून टाकली होती. त्याने कष्टाने वाया घालवलेले तास कागदावर आलेच नाहीत. अधिकृत निकालात कारोल्लो कोप्पीच्या ९ तास ५७ मिनिटे मागे, शेवटचा. मालाब्रोका त्याच्या वर, म्हणजे त्याच्या दृष्टीने हरलेला.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थोडे थांबावे. आपल्यापुढे दोन प्रकारची साधने आहेत : एक निकालाचा तक्ता, दुसरी लोकांनी सांगितलेली गोष्ट. तक्ता अधिकृत आहे, पण गोष्ट खरी असेल तर तक्ता चुकीचा आहे. गोष्ट रंगतदार आहे, पण ती सांगताना प्रत्येकाने आपली भर घातलेली असणार. एवढे मात्र निश्चित की, नोंद ठेवणारा जिथपर्यंत थांबतो तिथपर्यंतच अधिकृत इतिहास जातो. शेवटच्या माणसाची नोंद हवी असेल, तर कोणीतरी घड्याळ घेऊन शेवटपर्यंत उभे राहावे लागते.

काळी जर्सी १९५१ नंतर बंद झाली. १९५१ चा शेवटचा स्वार होता जिओव्हानी पिनारेल्लो. पुढच्या वर्षी त्याच्या संघाने दुसऱ्या स्वारासाठी जागा सोडायला सांगून त्याला १ लाख लिरा भरपाई दिली. त्या पैशातून त्याने त्रेव्हिजो शहरात सायकलींचे दुकान उभे केले. पुढे त्याच नावाच्या सायकलींवर बसून मिगेल इंदुराइन आणि २०१२ मध्ये ब्रॅडली विगिन्स यांनी तूर द फ्रान्स जिंकली.

३. वेळमर्यादा : गणित कुठे येते?

आपल्याकडे शाळा-कॉलेजांच्या क्रीडादिनी संथ सायकल स्पर्धा असते. जो सर्वांत शेवटी पोहोचतो तो जिंकतो, पण पाय टेकला की बाद. महाराष्ट्रातल्या शाळांत ती पाहिलेली असते, आणि मी राहतो त्या चंदीगडच्या मनीमाजऱ्यातही मुलांना ती समजावून सांगावी लागत नाही. त्या स्पर्धेत 'पाय टेकू नये' ही अट जे काम करते, तेच काम मोठ्या शर्यतीत वेळमर्यादा करते.

नियम असा : प्रत्येक टप्प्यावर विजेत्याच्या वेळेत ठरावीक टक्के वाढ करून मर्यादा काढतात. टप्पा किती अवघड आणि त्या दिवशीचा वेग किती, यावर टक्केवारी ठरते. समजा, विजेत्याला ५ तास लागले आणि मर्यादा १० टक्के आहे, तर ५ तास ३० मिनिटांच्या आत पोहोचावे लागते. नाहीतर दुसऱ्या दिवशी निघता येत नाही.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल. एकूण वेळ जास्तीत जास्त करायचा आहे, पण प्रत्येक दिवशी मर्यादा ओलांडायची नाही. उत्तर नेहमी मर्यादेच्या काठावर असते, आणि काठ नेमका कुठे आहे हे आधी माहीत नसते.

१९७९ ची तूर याचे उत्तम उदाहरण आहे. ऑस्ट्रियाचा गेरहार्ड शोनबाखर आणि फ्रान्सचा फिलिप तेसनिएर शेवटच्या जागेसाठी झगडत होते. तेसनिएर १९७८ मध्ये शेवटचा आलेला होता. दिजाँ इथे २१ व्या टप्प्यावर एकेकट्याने वेळेविरुद्ध धावायचे होते. अशा टप्प्यात स्वार उलट्या क्रमाने सोडतात, शेवटचा आधी आणि आघाडीवरचा सर्वांत शेवटी. म्हणजे या दोघांना सायकल चालवताना विजेत्याची वेळ कळणे शक्यच नव्हते. मर्यादेचा अंदाजच करायचा होता.

बर्नार्ड इनोने १ तास ८ मिनिटे ५३ सेकंदांत टप्पा जिंकला. मर्यादा २० टक्के, म्हणजे १ तास २२ मिनिटे ४० सेकंद. शोनबाखरला १ तास २१ मिनिटे ५२ सेकंद लागले : ४८ सेकंदांनी वाचला. तेसनिएरला १ तास २३ मिनिटे ३२ सेकंद लागले : ५२ सेकंदांनी बाद झाला. तीन आठवडे रस्त्यावर काढून तेसनिएर पॅरिसला अधिकृतपणे पोहोचलाच नाही. शोनबाखर शेवटचा आला, आणि पॅरिसमध्ये अखेरच्या काही अंतरावर सायकलवरून उतरून तो चालत रेषेपर्यंत गेला.

४. आयोजकांचा राग आणि त्यावरचा उपाय

तूरमध्ये काळी जर्सी नव्हती, मग तिथे एवढी ओढ कशाची? शर्यत संपल्यावर फ्रान्स, बेल्जियम, हॉलंडच्या गावागावांत छोट्या प्रदर्शनी शर्यती होत आणि नावाजलेल्या स्वारांना हजेरीचे पैसे मिळत. विजेत्याचे नाव लोकांना माहीत असे, आणि लाल कंदिलाचेही. मधल्यांचे नाव कोणाला माहीत नसे.

शोनबाखरच्या प्रकाराने आयोजक चिडले. १९८० च्या तूरमध्ये नियम आला : १४ व्या ते २० व्या टप्प्यापर्यंत रोज एकूण यादीत जो शेवटचा असेल त्याला बाद करायचे. हेतू उघड होता, शेवटची जागा धोक्याची करून टाकायची. शोनबाखरने काय केले? ते सात टप्पे तो शेवटचा राहिला नाही, शेवटच्याच्या किंचित वर राहिला. नियमाची मुदत संपल्यावर खाली घसरला आणि ८५ जणांत ८५ वा आला. नियम बदलला की हिशेब बदलतो, हिशेब करणारा माणूस मात्र तोच राहतो.

५. सगळेच नाटकी नव्हते

शेवटचा येणारा प्रत्येक जण मालाब्रोका नसतो, हे विसरू नये. संघात एक प्रमुख स्वार असतो आणि बाकीचे त्याच्यासाठी राबतात : पाणी आणून देतात, वाऱ्याला आड होतात, गरज पडली तर आपले चाक काढून देतात. फ्रेंचमध्ये त्यांना 'दोमेस्तिक' म्हणतात, म्हणजे घरगडी. १९११ मध्ये तूरचा जनक आंरी देग्रांज याने हा शब्द एका स्वारासाठी शिवीसारखा वापरला. पुढे ते कामाचे नाव झाले.

बेल्जियमचा विम वान्सेव्हेनांट असाच घरगडी होता. २००६, २००७ आणि २००८ अशी सलग तीन वर्षे तो तूरमध्ये शेवटचा आला. तीनदा लाल कंदील मिळवणारा तो एकमेव. यांपैकी २००७ आणि २००८ मध्ये त्याच्याच संघाचा कॅडेल इव्हान्स दुसरा आला. यादीच्या वरचे आणि तळाचे नाव एकाच कष्टाची दोन टोके होती. आणि १९९९ मध्ये शेवटचा आलेला जॅकी द्युराँ याला त्याच तूरचा सर्वांत लढाऊ स्वार म्हणून गौरवले गेले.

आपल्याकडे टप्प्यांच्या शर्यतीतली अशी चुरस दिसत नाही, पण मर्यादेच्या काठावरचा माणूस दिसतो. 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची अखंड शर्यत आहे, टप्प्यांची नाही. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातून ती पूर्ण केली. २०१७ मध्ये लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे अमित समर्थ यांनी ती एकेकट्याने पूर्ण केली. मर्यादा १२ दिवसांची, आणि समर्थ यांना लागले ११ दिवस २१ तास. इथे त्यांचा कितवा क्रमांक आला, हे कोणी फारसे विचारले नाही. मर्यादेच्या आत पोहोचले, हीच बातमी होती.

६. समारोप

या इतिहासातून तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, बक्षीस जिथे ठेवाल तिथे माणसे जातात, मग ती जागा तळाची का असेना. दुसरी, क्रमांकामागचे कारण क्रमांकातून दिसत नाही. लपून बसलेला, आजारी पडलेला आणि दुसऱ्यासाठी राबलेला, तिघेही तक्त्यात एकाच ओळीवर येतात. तिसरी, शेवटचा क्रमांक हा 'पूर्ण केले' याचाच दाखला आहे. तेसनिएरला विचारले असते तर त्याने तो आनंदाने घेतला असता.

स्वाध्याय

१. १९७९ च्या २१ व्या टप्प्यात मर्यादा २५ टक्के असती, तर तेसनिएरचे काय झाले असते? गणित करून दाखवा.
२. १९४९ च्या जिरोचा निकाल ठरवताना तुम्ही तक्ता मानाल की गोष्ट? कारणे द्या.
३. तुमच्या कॉलेजातील किंवा गावातील एखादी स्पर्धा घ्या. तिच्या नोंदी कोणत्या क्रमांकापर्यंत ठेवल्या आहेत आणि त्यापुढच्या का ठेवल्या नाहीत, ते शोधा.