ओस्लो : दोन पत्रांतले अंतर

१३ सप्टेंबर १९९३ रोजी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर राबिन आणि अराफत यांनी हस्तांदोलन केले. ते पाहून आम्ही कुणी हुरळलो, कुणी 'दगा' म्हणालो. पण त्याआधीची दोन पत्रे वाचली नाहीत. अराफत यांनी इस्रायल या राष्ट्राचा अस्तित्वाचा हक्क मान्य केला. राबिन यांनी पीएलओला केवळ पॅलेस्टिनी जनतेची प्रतिनिधी मानले. पॅलेस्टिनी राष्ट्राचा शब्द नाही. जेरुसलेम, निर्वासित, वसाहती, सीमा हे प्रश्न पुढे ढकलले गेले. वसाहती वाढतच राहिल्या. १९९५ मध्ये एका ज्यू अतिरेक्याने राबिन यांचा खून केला. तहाची किंमत त्यांनीही मोजली, हे आम्ही विसरू नये. मे १९९९ मध्ये पाच वर्षांची अंतरिम मुदत संपली, प्रश्न तसेच उरले. सुलह आम्हालाही हवी. मात्र ती बरोबरीची हवी.