अवर्षणाच्या छायेतील गावे: इनामगावचा पुरावा

जालना जिल्ह्यात केळणा नदीच्या काठी वसलेल्या भोकरदन येथे नागपूर व मराठवाडा या विद्यापीठांनी 1973 साली केलेल्या उत्खननात सातवाहनकालीन संपन्न नगराचे अवशेष उजेडात आले, आणि सांची व भारहूत येथील दानलेखांत उल्लेखिलेले भोगवर्धन ते हेच, असे अभ्यासक मानतात. मात्र पर्जन्यछायेच्या या टापूत नगरे उभी राहण्याच्या कितीतरी आधी दख्खनमधील पहिल्या शेतकऱ्यांची गावे ओस पडली होती. पालटत्या परिस्थितीशी त्या लोकांनी कसे जुळवून घेतले याचा सर्वांत सविस्तर पुरावा जालन्यात नव्हे, तर पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावच्या पांढरीत मिळाला आहे.

डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात येथे केलेल्या उत्खननात ताम्रपाषाण युगातील, म्हणजे तांबे व दगड यांची हत्यारे एकत्र वापरणाऱ्या समाजाची, सलग वस्ती उलगडली. इ.स.पू. 1400 ते 1000 या पूर्व जोर्वे काळात, म्हणजे जोर्वे या ताम्रपाषाण संस्कृतीच्या आधीच्या टप्प्यात, गावकरी प्रशस्त चौकोनी घरांत राहत, प्रामुख्याने जव पिकवत आणि पुराचे पाणी सुमारे 4 मीटर रुंद व साडेतीन मीटर खोल पाटाने वळवून घेत. त्यानंतरच्या उत्तर जोर्वे काळात मात्र चौकोनी घरांची जागा लहान गोल झोपड्यांनी घेतली, शेती आक्रसली आणि मेंढ्या-शेळ्यांवर व हरणांच्या शिकारीवर भिस्त वाढली. उत्खननाचे एक प्रमुख म. के. ढवळीकर यांनी याचे कारण वाढत्या अवर्षणात शोधले. आर्क्टिक किनाऱ्यावरील थुले लोकांनीही थंडी वाढल्यावर देवमाशांऐवजी सीलच्या शिकारीवर अधिक भर दिला होता. तेव्हा अशा बदलाला केवळ ऱ्हास म्हणणे एकांगी ठरते.

या तडजोडीची किंमत मुलांनी मोजली. दगावलेल्या बालकाचा देह दोन कुंभांत ठेवून, ते तोंडाला तोंड लावून आडवे करून, घराच्या जमिनीखालीच पुरण्याची रीत असल्याने त्यांच्या अस्थी मोठ्या संख्येने हाती आल्या, आणि उत्तर काळातील बालकांची वाढ खुंटल्याचे त्यांवरून दिसते. या अस्थींचा अभ्यास करणाऱ्या ग्वेन रॉबिन्स शुग यांनी 2011 च्या ग्रंथात सगळा दोष हवामानावर टाकण्यास हरकत घेतली आहे, आणि ती रास्त वाटते, कारण जमिनीवरचा माणसांचा ताणही तितकाच विचारात घ्यावा लागतो.

तरीही उत्तर दख्खनमधील बहुतेक जोर्वे गावे इ.स.पू. 1000 च्या सुमारास उठली असता, भीमेच्या खोऱ्यातले इनामगाव गोल झोपड्या आणि कळपांच्या आधारे पुढे सुमारे तीनशे वर्षे नांदत राहिले.