शिकलगार ते सतारमेकर : मिरजेच्या तंतुवाद्यांचा इतिहास

१/ शास्त्रीय संगीताच्या मैफलीत गायकाच्या मागे दोन तानपुरे झंकारत असतात. महाराष्ट्रात त्यांतील बहुतेकांचे मूळ गाव एकच, ते म्हणजे मिरज. आणि मिरजेतील तंतुवाद्यांचा आद्य कारागीर म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, त्याच्या घराण्याचा मूळ व्यवसाय होता तलवारींना धार लावण्याचा. हा धागा फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांच्या हस्तकलेविषयी.

२/ प्रथम आडनाव पाहू. ‘सैकल’ या शब्दाचा अर्थ धातूला जिल्हई देणे, घासून उजळणे. ते काम करणारा सैकलगर. मराठीत त्याचा शिकलगार झाला. तलवारी, भाले, कट्यारी घडवणे व त्यांची निगा राखणे हे या समाजाचे परंपरागत काम. जिथे किल्ला आणि शिबंदी, तिथे शिकलगारांची वस्ती हे समीकरण दख्खनभर दिसते.

३/ मिरज हे तर लष्करी महत्त्वाचे ठाणे. १६५९-६० मध्ये शिवाजी महाराजांनी या किल्ल्याला वेढा घातला होता. १७३९ मध्ये छत्रपती शाहूंनी तो जिंकला. पुढे पेशव्यांच्या काळात पटवर्धन सरदारांचे हे प्रमुख स्थान झाले. हैदर, टिपू, निजाम यांच्याविरुद्धच्या मोहिमांत पटवर्धनांची पथके अग्रभागी असत. अशा गावात शिकलगारांच्या हाताला कामाची वाण नव्हती.

४/ १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि हे चित्र पालटले. संस्थाने उरली, पण मोहिमा संपल्या. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी ठिकठिकाणी निःशस्त्रीकरण केले. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले. राज्यकर्ते बदलले की राजवाड्यातील बदलांची नोंद होते. शिकलगाराच्या थंडावलेल्या भट्टीची नोंद क्वचितच होते.

५/ फरीदसाहेबांची कथा या संधिकालातील आहे. परंपरा सांगते की, उत्तरेकडील एका कलावंताचे वाद्य मिरजेत बिघडले. दुरुस्त करणारा कोणी मिळेना. धातूच्या नाजूक कामात हात बसलेल्या फरीदसाहेबांनी ते उघडले, त्याची रचना समजून घेतली आणि ते पुन्हा बोलते केले. पुढे त्यांनी स्वतःच वाद्ये घडवण्यास आरंभ केला. काळ साधारणतः १८५० च्या आसपासचा मानला जातो.

६/ कथेचे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. तिचे सार मात्र विश्वसनीय वाटते, कारण नव्या वाद्यकलेचा प्रवेश बहुधा दुरुस्तीच्या दारातूनच होतो. मोडलेली वस्तू कारागिराला तिची अंतर्रचना दाखवते. शिवाय पटवर्धन संस्थानिकांच्या दरबारी गायक-वादकांना आश्रय होता. म्हणजे दुरुस्तीचे काम आणि दाद देणारे जाणकार, दोन्ही गावातच होते.

७/ येथे एका प्रचलित दाव्याकडे पाहणे आवश्यक आहे. मिरजेची ही परंपरा तीनशे वर्षांची असल्याचे सांगितले जाते. परंतु सतार हे वाद्यच अठराव्या शतकाच्या मध्यास दिल्लीत नावारूपाला येत होते. तीनशे वर्षांपूर्वी ते मिरजेत घडत असणे संभवत नाही. शिकलगारांच्या धातुकामाची परंपरा तेवढी किंवा त्याहून जुनी असू शकते. दोन परंपरा एकत्र मोजल्या की आकडा फुगतो.

८/ आता कारागिरीकडे वळू. तिचा आरंभ मिरजेत नव्हे, सोलापूर जिल्ह्यातील शेतात होतो. पंढरपूर, मंगळवेढा या भागांत वाद्यांसाठीचा कडू भोपळा पिकतो. तो खाण्याच्या उपयोगाचा नाही. मोठा घेर, जाड कवच आणि डागविरहित पाठ हेच त्याचे मोल. वेलीला पूर्ण पक्व झालेला भोपळा कडक वाळवला जातो आणि मगच मिरजेचा रस्ता धरतो.

९/ सोलापूरच्या गावोगावी नामसप्ताहात अहोरात्र खांद्यावर असणारी वीणा याच कुळातील. म्हणजे एकाच मातीतील भोपळा कधी दरबारी गवयाच्या तानपुऱ्याला लागतो, कधी वारकऱ्याच्या वीणेला. संगीताच्या इतिहासात ‘शास्त्रीय’ आणि ‘भजनी’ अशी दोन प्रकरणे असतात. कारागिराच्या ओसरीवर ती दोन्ही वाद्ये शेजारी शेजारी वाळत असतात.

१०/ मिरजेत भोपळा कापून पाण्यात भिजवला जातो. मऊ झालेल्या कवचाला आतून काठ्यांचे आधार देऊन हवा तो घेर आणला जातो व पुन्हा वाळवले जाते. मग त्यावर लाकडी गळा, पोकळ दांडी आणि तबली चढते. लाकूड बहुधा तुणीचे असते. ते हलके असून नादाला पोषक मानले जाते. त्यानंतर खुंट्या, नक्षीकाम, पॉलिश. एकेका टप्प्यानंतर थांबावे लागते, कारण ओलसर लाकूड पुढे वाकते.

११/ शेवटचे आणि सर्वांत अवघड काम म्हणजे जवारी. तानपुऱ्याच्या घोडीचा माथा सपाट दिसतो, परंतु तो अत्यंत सूक्ष्म बाकाचा असतो. छेडलेली तार त्या बाकावर पुनःपुन्हा टेकते आणि मूळ स्वराबरोबर त्याचे उपस्वर उमलतात. तारेखाली सुताचा दोरा सरकवून तो झंकार नेमका खुलवतात. कानस किंचित जास्त चालली तर जवारी बिघडते आणि घोडी पुन्हा पहिल्यापासून घासावी लागते.

१२/ हे काम मोजपट्टीने होत नाही. कान सांगतो, हात ऐकतो. धातूचा पृष्ठभाग केसाएवढ्या फरकाने घासण्याची पिढीजात सवय शिकलगारांना येथे उपयोगी पडली असावी, असे अनुमान करता येते. १९२१ मध्ये सी. व्ही. रामन यांनी भारतीय तंतुवाद्यांवर निबंध लिहून तानपुरा व वीणेच्या या घोडीचे वेगळेपण भौतिकशास्त्राच्या भाषेत मांडले. कारागीर ते हाताने जाणून होते.

१३/ मागणी वाढली ती कलावंतांमुळे. पं. विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापले. संगीत दरबारातून वर्गात आले. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. १९३७ मध्ये निधन झाल्यावर त्यांचे दफनही तेथील मीरासाहेब दर्ग्याच्या परिसरात झाले. स्वराच्या बारकाव्यांविषयी अत्यंत आग्रही असा गवई शेजारी असणे ही कारागिरांची शाळाच होती.

१४/ हळूहळू आडनावेही पालटली. शिकलगारांतील अनेक कुटुंबे ‘सतारमेकर’ म्हणून ओळखली जाऊ लागली. एका फारसी आडनावाच्या जागी अर्धे देशी, अर्धे इंग्रजी आडनाव आले. ब्रिटिश काळातील व्यवसायांतराचा याहून बोलका पुरावा शोधणे कठीण. तलवारीची आठवण नावातून गेली, कारखान्यातील कानशीत राहिली.

१५/ हे स्थित्यंतर केवळ मिरजेचे नाही. त्रिनिदादमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेलाची पिंपे ठोकून स्टीलपॅन जन्मले. त्याच्यापासून प्रेरणा घेऊन फेलिक्स रोनर आणि सबिना शेरर यांनी २००० साली स्वित्झर्लंडमधील बर्न येथे ‘हँग’ घडवले. उडत्या तबकडीसारखे दिसणारे, हातांनी वाजवायचे हे पोलादी वाद्य आज ‘हँडपॅन’ या नावाने सर्वत्र आढळते. त्याच्या जन्मकथेत आपल्या घटम्‌चाही वाटा आहे.

१६/ हँडपॅनचा स्वतंत्र कारागीर आणि मिरजेचा सतारमेकर यांचे काम दुरून भिन्न, जवळून सारखे. हँडपॅनमध्ये प्रत्येक स्वरक्षेत्र हातोडीने असे ठोकतात की मूळ स्वर, त्याचे वरचे सप्तक आणि त्यावरील पंचम एकत्र जुळावेत. तानपुऱ्याच्या खर्जातून उमलणारे आरंभीचे उपस्वरही हेच. एकाची हातोडी, दुसऱ्याची कानस. शोध एकाच नादाचा.

१७/ फरक आहे तो मालकीचा. २०२४ मध्ये बर्नच्या न्यायालयाने हँगला स्वामित्वहक्काचे संरक्षण मिळू शकते असे मानले. त्याच वर्षी मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पहिल्या व्यवस्थेत हक्क निर्मात्याच्या नावे, दुसऱ्यात गावाच्या नावे. फरीदसाहेबांनी घडवलेले वाद्य त्यांच्या एकट्याचे राहिले नाही. म्हणूनच ते पिढ्यान्‌पिढ्या अनेकांचे पोट भरू शकले. पण त्याच कारणाने पुढच्या बहुसंख्य कारागिरांची नावे पुसली गेली.

१८/ संकट मात्र कायद्याने टळत नाही. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला आणि आता मोबाइलमधील ॲपवरही तानपुरा वाजतो. रियाजापुरते अनेकांना तेवढे पुरते. घोडीसाठी हाडाऐवजी कृत्रिम पदार्थ आले. एक वाद्य पूर्ण होण्यास लागणारे दिवस आणि त्याची मिळणारी किंमत यांचा मेळ घातला, तर कारागिराची पुढची पिढी दुसरीकडे का पाहते हे समजते. १८१८ नंतर शिकलगारांपुढे उभा राहिलेला प्रश्न सतारमेकरांपुढे पुन्हा उभा आहे.

१९/ इतिहासाच्या अभ्यासकांसाठी येथे बरेच काम शिल्लक आहे. संस्थानी दप्तरांतील वाद्यखरेदीच्या नोंदी, संगीत विद्यालयांचे हिशेब, कारागीर कुटुंबांच्या आठवणी या सर्वांची एकत्र मांडणी व्हायला हवी. घरात जुना तानपुरा, सतार किंवा भजनी वीणा असेल, तर तिच्यावर कारागिराचे नाव वा गाव आहे का ते पाहावे आणि लिहून ठेवावे. गायकांच्या वंशावळी आपल्याकडे तोंडपाठ आहेत. वाद्य घडवणाऱ्यांच्या अजून लिहायच्या आहेत.

(धागा समाप्त)