खेळाचे मैदान कागदावर कोणाचे? विश्वस्तांचा एक दुर्लक्षित इतिहास

१/ दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांनी लंडनमधील वस्त्या उद्ध्वस्त केल्या. पडक्या भिंतींच्या आणि ढिगाऱ्यांच्या त्या जागांवर मुले खेळू लागली. पुढे यांतील काही जागांवर रीतसर क्रीडांगणे उभी राहिली. पण काहींचे आयुष्य जेमतेम चार-पाच वर्षांचे ठरले. त्याच देशात १९३६ नंतर राखलेली शेकडो मैदाने मात्र टिकली. हा फरक का पडला, त्याची ही कथा.

२/ कथेचा आरंभ डेन्मार्कमध्ये होतो. सी. टी. सोरेन्सन या उद्यानरचनाकाराच्या ध्यानात आले होते की, आखीवरेखीव क्रीडांगणांपेक्षा मुले बांधकामाच्या जागी, टाकाऊ सामानात अधिक रमतात. १९४३ मध्ये, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, कोपनहेगनजवळील एम्ड्रप येथे त्यांच्या कल्पनेचे ‘भंगाराचे क्रीडांगण’ सुरू झाले. तेथे झोपाळे, घसरगुंड्या नव्हत्या. होत्या त्या फळ्या, विटा, माती आणि अवजारे.

३/ १९४६ मध्ये लेडी ॲलन ऑफ हर्टवुड यांनी हे क्रीडांगण पाहिले. त्या स्वतः उद्यानरचनाकार होत्या आणि अनाथ, निराधार मुलांच्या हालअपेष्टांविषयी त्यांनी ब्रिटनमध्ये आवाज उठवला होता. परतल्यावर त्यांनी ‘पिक्चर पोस्ट’ या लोकप्रिय साप्ताहिकात प्रश्न मांडला : बॉम्बने मोकळ्या झालेल्या जागा अशा खेळासाठी का वापरू नयेत?

४/ १९४८ मध्ये लंडनच्या कँबरवेल भागात पहिला प्रयोग झाला. १९५५ मध्ये लँबेथ भागात, बॉम्बहल्ल्यात पडलेल्या शाळेच्या जागेवर ‘लॉलर्ड’ क्रीडांगण सुरू झाले. मुले खड्डे खणत, खोपटी बांधत आणि मोडून पुन्हा उभारत. अशा जागांना ‘साहस-क्रीडांगण’ हे नावही याच दशकात रूढ झाले.

५/ पण जमीन क्रीडांगणाची नव्हती. ती तात्पुरती वापरायला मिळाली होती. शहराची पुनर्बांधणी सुरू होताच अशा प्रत्येक जागेवर दुसरा हक्क उभा राहिला. लॉलर्ड १९६० मध्ये बंद झाले. कार्यकर्ते होते, मुले होती, प्रसिद्धीही होती. नव्हता तो जागेवरचा कायमचा अधिकार.

६/ आता दुसरी बाजू पाहू. १९२५ मध्ये ब्रिटनमध्ये ‘नॅशनल प्लेइंग फील्ड्स असोसिएशन’ स्थापन झाली. जानेवारी १९३६ मध्ये राजे पंचम जॉर्ज यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या स्मारकासाठी जमलेला निधी केवळ पुतळ्यात न घालवता देशभर मैदाने राखण्याकडे वळवण्यात आला. अशी ४७१ ‘किंग जॉर्जेस फील्ड्स’ तयार झाली. प्रवेशद्वारावरील सिंह आणि युनिकॉर्नच्या फलकांवरून ती ओळखू येतात.

७/ या योजनेचा कणा होता विश्वस्तपत्र. विश्वस्त कायद्याने जमिनीचा धनी असतो, पण तिचा उपभोग त्याच्यासाठी नसतो. नगरपालिका विश्वस्त असली, तरी ती जागा इतर सरकारी भूखंडांसारखी मोकळेपणाने विकता येत नाही. धर्मादाय कायद्याच्या कसोट्या आड येतात. १९६५ मध्ये मूळ प्रतिष्ठान विसर्जित झाले. मैदानांच्या राखणीची जबाबदारी असोसिएशनकडे गेली. माणसे बदलली, बंधन राहिले.

८/ मात्र खेळ हे ‘धर्मादाय’ कार्य आहे का? इंग्लंडच्या १६०१ च्या कायद्यातील प्रसिद्ध यादीत शाळा, पूल, जखमी सैनिक, अगदी गरीब मुलींचे विवाहही आहेत, खेळ नाही. १९५५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने बॅडेली खटल्यात, मेथडिस्ट पंथीयांच्या सामाजिक आणि शारीरिक कल्याणासाठी केलेला एक विश्वस्तनिधी धर्मादाय मानण्यास नकार दिला. मनोरंजनासाठी चालणाऱ्या असंख्य संस्थांचा पाया त्यामुळे डळमळला.

९/ उत्तर म्हणून संसदेने १९५८ मध्ये ‘रिक्रिएशनल चॅरिटीज ॲक्ट’ केला. समाजकल्याणासाठी पुरवलेल्या मनोरंजनाच्या सोयी धर्मादाय ठरल्या. अशा सोयींची गरज कोणाला असते, हे सांगताना वार्धक्य, अपंगत्व आणि दारिद्र्य यांच्याबरोबर कोवळ्या वयाचाही उल्लेख झाला. लहान असणे हेच आता कायद्याच्या दृष्टीने पुरेसे कारण होते.

१०/ पुढे १९८० मध्ये मॅकमलन खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने आणखी एक पाऊल टाकले. विद्यार्थ्यांना फुटबॉल आणि इतर खेळांच्या सोयी देणारा विश्वस्तनिधी शिक्षणाच्या कक्षेत बसतो, असा निर्णय झाला. शिक्षण वर्गाच्या चार भिंतींपुरते नाही, हे शिक्षणतज्ज्ञ फार पूर्वीपासून सांगत होते. आता न्यायालयानेही ते मान्य केले.

११/ जमीन राखली म्हणजे विश्वस्तांचे काम संपले, असे नाही. हातोडा आणि खिळे मुलांच्या हाती द्यायचे का? कोणी पडले तर? शेजारी ‘हा उकिरडा हटवा’ म्हणाले तर? भीतीपोटी सगळे धोके काढून टाकले, तर उरते ती नुसती हिरवळ. लेडी ॲलन यांनी उलट दिशा धरली. १९७० मध्ये लंडनच्या चेल्सी भागात अपंग मुलांसाठी साहस-क्रीडांगण उभे राहिले, ते त्यांच्याच पुढाकाराने. ज्या मुलांना सर्वाधिक जपले जाई, त्यांनाही चढण्याचा, खणण्याचा, धडपडण्याचा हक्क आहे, ही त्यामागची धारणा होती.

१२/ विश्वस्तपत्र गवत कापत नाही, कुंपण दुरुस्त करत नाही. त्यासाठी पैसा आणि माणसे लागतातच. पण जागेवर दुसऱ्याची नजर पडते, तेव्हा लहान मुलांना सभेत बोलता येत नाही, मतही देता येत नाही. त्यांच्या वतीने ‘नाही’ म्हणण्याचे बंधन कोणावर तरी लेखी असावे लागते. म्हणून कोणत्याही जुन्या मैदानाचा इतिहास शोधताना, ते कोणी उभारले याबरोबरच ते कागदावर कोणाच्या नावे आणि कोणत्या हेतूने आहे, हेही तपासावे.