ब्लॅक स्पॉट: पानावरचा आणि रस्त्यावरचा

'ब्लॅक स्पॉट' हा शब्द मराठीत दोन ठिकाणांहून आला, बागेतून आणि महामार्गावरून. बागेतला अर्थ जुना आहे. गुलाबाच्या पानांवर विसकटलेल्या कडांचे काळे डाग पडतात, भोवतीचा भाग पिवळा होतो आणि पाने गळतात. हा रोग बुरशीचा. त्याची नोंद १८१५ मध्ये स्वीडनमध्ये झाली. पान सलग सातेक तास ओले राहिले की बीजाणू रुजतात. डाग मात्र काही दिवसांनी दिसतो, म्हणजे तो दिसेपर्यंत लागण होऊन गेलेली असते.

तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातील इंद्रवेल्लीच्या काळ्या जमिनीत गुलाबापेक्षा कापूस महत्त्वाचा, आणि काळे डाग त्याच्याही पानांवर पडतात. कापसावरच्या जिवाणूजन्य करप्याचे कोनीय ठिपके वनस्पतिशास्त्रज्ञ ॲटकिन्सन यांनी १८९१ मध्ये अमेरिकेतील अलाबामात नोंदवले. हे ठिपके आधी पाणथळ दिसतात, मग काळवंडतात. रोग फांद्यांत उतरला की फांद्याही काळ्या पडतात. तो बियाण्यातून आणि पावसाच्या शिंतोड्यांतून पसरतो, म्हणून आम्लाने तंतू काढलेले बियाणे वापरणे हा जुना आणि चांगला उपाय.

धोक्याच्या जागेसाठी 'ब्लॅक स्पॉट' हा शब्द मोटारी वाढल्यावर ब्रिटनमध्ये रुळला. तत्पूर्वी 'ट्रेझर आयलंड' (१८८३) या कादंबरीतले चाचे काळा डाग काढलेला कागद हाती देऊन माणसाला धमकावत, पण रस्त्याशी त्याचा संबंध जोडणे ओढूनताणून होईल. भारतात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राष्ट्रीय महामार्गांसाठी व्याख्या ठरवली: सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर इजेचे ५ अपघात, अथवा १० मृत्यू. पुण्याचा नवले पूल याचे ठळक उदाहरण. कात्रजच्या नव्या बोगद्यापासूनच्या लांब उतारावर अवजड वाहनांवरचा ताबा सुटतो. २० नोव्हेंबर २०२२ रोजी तिथे एकाच अपघातात चाळीसहून अधिक वाहनांचे नुकसान झाले.

इंद्रवेल्लीच्या बाजूलाही असा महामार्ग आहे: आदिलाबादवरून राष्ट्रीय महामार्ग ४४ जातो आणि गुडीहत्नूरहून इंद्रवेल्ली व उटनूरचा रस्ता फुटतो. इंद्रवेल्लीजवळच्या केसलापूरच्या नागोबा जत्रेसाठी मेस्राम कुळातील गोंड गोदावरीचे पाणी आणायला पायी जातात. अशा वाटेवरच्या वळणाचा धोका चालणाऱ्याला आधीच ठाऊक असतो. महामार्गावर मात्र व्याख्येतले अपघात मोजून झाल्याशिवाय धोक्याची जागा ब्लॅक स्पॉटच्या यादीत येत नाही, हीच या मोजणीतली मोठी उणीव.