घरचा पाव आणि सरपणाचा प्रश्न : दक्षिण इंग्लंडमधील मजूर-कुटुंबांचा एक अभ्यास

इंग्लंडमधील ग्रामीण मजुरांच्या घरी पाव भाजण्याची रीत अठराव्या शतकाच्या अखेरीपासून मागे पडत गेली, ही गोष्ट सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. तिच्या कारणांविषयी मात्र समकालीनांत तीव्र मतभेद होता. विल्यम कॉबेट याने १८२१-२२ साली प्रसिद्ध केलेल्या ‘कॉटेज इकॉनॉमी’ या पुस्तकात सारा दोष मजुराच्या पत्नीच्या माथी मारला. मजुराच्या बायकोने पाववाल्याच्या दुकानी जावे ही त्याला लाजिरवाणी गोष्ट वाटे. जिला पाव करता येत नाही ती स्त्री समाजाला केवळ भार होय, असे त्याचे स्पष्ट मत होते. हा निवाडा पुराव्याला कितपत उतरतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम कॉबेटची कृतीच पाहू. तो एका वेळी एक बुशेल, म्हणजे ५६ पौंड पीठ मळावयास सांगतो. त्यात किण्व घालून पीठ फुगू द्यावयाचे, मग पुन्हा मळावयाचे, पुन्हा फुगू द्यावयाचे. दरम्यान विटांच्या भट्टीत लाकडे जाळून ती तापवावयाची, निखारे ओढून काढावयाचे, तळ पुसून घ्यावयाचा आणि मगच पाव आत सोडावयाचे. ते भाजण्यास सुमारे दोन तास लागत. आपल्याकडील भाकरी तव्यावर थोड्या जाळात होते आणि तिला किण्व लागत नाही. या पावासाठी मात्र तीन गोष्टी घरात एकत्र असाव्या लागत : भट्टी तापविण्याइतके सरपण, ताजे किण्व आणि गृहिणीचा बराचसा मोकळा दिवस. कॉबेटचा हिशेब बरोबर मानला, तरी ही तिन्ही साधने उपलब्ध असतील तेथेच तो लागू पडतो, हे उघड आहे.

या दृष्टीने बर्कशरमधील बार्कम गावचा धर्मोपदेशक डेव्हिड डेव्हिस याने जमविलेली माहिती फार मोलाची ठरते. त्याचा ग्रंथ १७९५ साली प्रसिद्ध झाला. परंतु त्यातील बार्कमचे जमाखर्च १७८७ चे आहेत. त्यांपैकी पहिले कुटुंब पतिपत्नी व पाच मुले असे आहे. थोरले मूल आठ वर्षांचे आणि धाकटे तान्हे. या कुटुंबाला आठवड्यास साडेसात गॅलन पीठ लागे. गॅलनला १० पेन्स या दराने त्याची किंमत ६ शिलिंग ३ पेन्स होई. आठवड्याचा एकूण खर्च ९ शिलिंगांच्या आतबाहेर होता. म्हणजे त्यातील दोनतृतीयांशाहून अधिक रक्कम केवळ पिठात जाई.

या नोंदीत पिठाखालोखाल किण्व आणि मीठ यांचा खर्च दिलेला आहे. यावरून दोन अनुमाने निघतात. पहिले असे की, पाच लहान मुलांची ही आई १७८७ मध्ये पाव घरीच करीत होती. आळसाचा आरोप येथे टिकत नाही. दुसरे असे की, किण्व विकत घ्यावे लागत होते. बिअर घरी बनत असे तेव्हा तिच्या फेसातून पावाचे किण्व आपोआप मिळे. माल्टवरील कराने बिअर महाग झाली, घरची बिअर बंद पडली आणि तिच्याबरोबर हे फुकटचे किण्वही गेले. कॉबेटने पाव व बिअर या दोहोंचाही पुरस्कार एकाच पुस्तकात केला, त्यामागील संगती येथे दिसते.

सरपणाची कथा याहून गंभीर आहे. सामायिक माळरानावरून काटक्या, झुडपे व वाळलेली ढेपळे आणण्याची मुभा गरिबांना होती. जमिनींना कुंपणे पडत गेली तसतशी ती नाहीशी झाली. याउलट उत्तरेत कोळसा स्वस्त होता. उत्तरेकडील गरिबांच्या आहारातील हा फरक फ्रेडरिक ईडन याने १७९७ मध्येच नोंदविला होता. पुढे लोखंडी चुलीला जोडलेली भट्टी तेथील घराघरांत आली आणि यॉर्कशरसारख्या प्रदेशात घरचा पाव विसाव्या शतकातही टिकला. उत्तरेकडील स्त्रिया अधिक उद्योगी होत्या असे म्हणण्यापेक्षा त्यांच्या दाराशी कोळसा होता, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल.

घरातील हे श्रम नाहीसे झाले असेही नव्हे. ते दुसऱ्याच्या अंगावर पडले. लंडनच्या पावात तुरटी मिसळली जाते, हे आर्थर हॅसल याच्या परीक्षणांनी १८५० नंतरच्या दशकात उघडकीस आणले. एलायझा ॲक्टन हिने १८५७ साली घरच्या पावाचा पुन्हा पुरस्कार केला, तो याच वातावरणात. पुढे १८६२ च्या ट्रेमनहीर यांच्या अहवालाने पाव-कामगारांच्या रात्रपाळीचे व कोंदट तळघरांचे चित्र पार्लमेंटपुढे ठेवले आणि १८६३ मध्ये त्याविषयी कायदा झाला. सकाळी दुकानात मिळणारा ताजा पाव कोणाच्या तरी जागरणातून आलेला होता.

कॉबेट हा मजुरांचा कैवारी होता, याविषयी शंका नाही. तरीही मजुराच्या पत्नीविषयी त्याची साक्ष एकांगी ठरते आणि तिच्यापेक्षा डेव्हिसच्या जमाखर्चाची वही अधिक विश्वसनीय वाटते. गृहव्यवहाराचा इतिहास लिहिताना नीतिपर ग्रंथांतील निवाडे सहज हाती लागतात. परंतु चूल का विझली हे ठरविण्यापूर्वी सरपण कोठून येत होते आणि ते केव्हा बंद झाले, हे पाहिले पाहिजे. त्यावाचून कोणत्याही गृहिणीला दोषी ठरविणे न्याय्य होणार नाही.